काचेच्या घंटेची फिर्याद

खुनाच्या, दरोड्याच्या कितीतरी केसेस माझ्या डोक्यातून पार पुसल्या गेल्या. नावं आठवत नाहीत, गावं आठवत नाहीत. पण नारायणगावच्या त्या काचेच्या घंटेचं प्रकरण अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं, आणि एकदा उभं राहिलं की दिवसभर कशात मन लागत नाही. तसं पाहिलं तर गुन्हा किरकोळ. घरातली चोरी, आणि गेलेला माल एक घंटा.

टोमॅटोचा हंगाम होता. हायवेवर गाड्यांची रांग लागलेली, ठाण्यातली अर्धी माणसं वाहतुकीला गुंतलेली. सकाळची हजेरी उरकत होती तेवढ्यात एक निवृत्त प्राध्यापक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, मोबाइलवर फोटो तयार.

"काय चोरीला गेलं?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"घंटा."

"देवळातली?"

"काचेची. शंभर वर्षांपूर्वीची."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्या केबिनकडे बोट दाखवलं. झेंगट वरिष्ठाच्या गळ्यात टाकायला आमचे लोक फार तत्पर असतात.

पंचनाम्यासाठी मी स्वतःच गेलो. दिवाणखान्यात भिंतभर कपाट, आणि त्यात नुसत्या काचेच्या घंटा. निळ्या, हिरव्या, दुधी, काठाला सोनेरी रेघ असलेल्या. प्राध्यापक महाशयांनी पंचांना ताटकळत ठेवून मला शिकवणीच दिली. जुन्या घंटेची मूठ वेगळी घडवलेली असते आणि ती खालच्या भागाला प्लॅस्टरने जोडलेली असते. त्या सांध्यावरून जुनी कोणती आणि नकली कोणती ते कळतं.

"आणि आतून बोट फिरवा," ते म्हणाले. "खरोखर वाजवलेल्या घंटेला आत एका जागी खरखर लागते. लोळा तिथे आपटून आपटून काच झिजते. बाजारात जुनी म्हणून विकतात त्या नव्या घंटांना ही झीज नसते. गेलेल्या घंटेइतकी झिजलेली घंटा माझ्याकडे दुसरी नाही."

ती घंटा लाल काचेची, मूठ पांढरी. आतला लोळा कधीच तुटून पडलेला होता. कपाटाला कुलूप होतं, ते फोडलेलं नव्हतं. किल्ली घरातच ठेवलेली असायची.

आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायूने वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली. डावा हात तेवढा चालत होता. उशाशी स्टीलची ताटली आणि चमचा. काही हवं असलं की त्या चमचा ताटलीवर आपटायच्या. बाहेर कपाटभर घंटा, आणि हाक मारायला ताटली! मला ते खटकलं, पण खटकलेली गोष्ट पंचनाम्यात लिहायची सोय नसते.

संशय कोणावर, हे सांगायला प्राध्यापकांना वेळ लागला नाही. पत्नीला सांभाळायला निमगाव सावाकडची एक बाई येत असे. माणसं मूळची मेंढपाळ, आता थोडी शेती करणारी. घंटा गेल्यापासून बाई कामावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. बेल्ह्याच्या बाजूला जीप भरणारा एक ड्रायव्हर आमचा जुना खबरी होता. तो म्हणाला, "सायेब, ती बाई माझ्याच गाडीत व्हती. पोटाशी गाठोडं धरलेलं. मी म्हणलं, वर टपावर टाका, तर न्हाई म्हणली. निमगावला उतरूस्तोवर हात काढला न्हाई तिनं त्याच्यावरचा."

नोटीस देऊन बाईला बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली. मी चहा मागवला, तो तिने घेतला नाही. घंटा नेली का, असं विचारलं तर लगेच म्हणाली, "नेली." कोणाला विकली? गप्प. कोणी न्यायला सांगितली? गप्प. आता कुठे आहे? तर डोळ्याला पदर.

"हे बघ बाई," मी म्हणालो, "गप्प बसलीस तर चोर ठरशील. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"ठरवा चोर," ती म्हणाली. "पर सायेब, काकूंस्नी काय बी सांगू नगा. तेवढं माझ्यासाठी करा."

सराईत चोर पकडले गेले की आधी स्वतःच्या घरच्यांचा विचार करतात. ही मालकिणीचा करत होती. इतक्या वर्षांत असा संशयित मी पाहिला नव्हता. ही माल लपवत नसून काहीतरी दुःख लपवते आहे, हे मला तिथेच उमगलं. पण उमगण्याने तपास पुढे सरकत नाही. पंचांना गाडीत घालून आम्ही थेट तिच्या घरी गेलो.

दारात सासरा बसला होता. पाचदहा मेंढरं अजून राखून असलेला म्हातारा. आमची गाडी पाहून वस्तीवरची माणसं गोळा झाली. म्हाताऱ्याने आढेवेढे न घेता घरातून गाठोडं आणलं आणि माझ्यापुढे उलगडलं. लाल घंटा होती. आत सुतळीला बांधलेला लोखंडी लोळा, आणि काठापासून मुठीपर्यंत गेलेली चीर.

"सून म्हणली, आबा, काकूंची घंटा मुकी हाय, तिला जीभ बसवून द्या. काकूंस्नी ती हातात पायजे," म्हातारा सांगू लागला. "आमी मेंढराच्या घंटंला लोखंडी बसवितो. हयातभर त्येच केलं. काच हाय हे डोळ्याला दिसत व्हतं, पर हात आपल्या सवयीनं गेला. बसविला लोळा, एकदाच हालवली, आन् चीर गेली. सून मटकन खाली बसली. म्हणली, आता काकूंस्नी काय सांगू?"

आता सगळं लख्ख झालं. मुद्देमाल जप्त केला आणि ओळख पटवायला प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी आत बोट फिरवलं, चीर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "संपली. आता संग्रहात ठेवायच्या लायकीची राहिली नाही."

"ही आणली कुठून होती?" मी विचारलं.

बाकीच्या प्रत्येक घंटेचा जन्मापासूनचा इतिहास त्यांनी मला न विचारता ऐकवला होता. या एका प्रश्नाला मात्र त्यांची गाडी अडली.

"घरातच होती."

"कोणाच्या घरात?"

त्यांनी घंटा टेबलावर ठेवली आणि सांगितलं. घंटा पत्नीच्या माहेरची. माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिची आई ही घंटा वाजवून पोरांना जेवायला बोलवायची. गाव बुडण्याआधी घर सोडताना लेकीने तेवढी एक वस्तू मागून घेतली होती. ज्या झिजेचं प्राध्यापक कौतुक करत होते, ती कोणाच्या हातांनी झाली ते त्यांना ठाऊक होतं. फक्त घंटा आपल्या कपाटात आल्यावर ती आपली झाली, असं ते धरून चालले होते.

मी काकूंचा जबाब घ्यायला गेलो. हो असेल तर डोळे मिटायचे, असं ठरवलं. घंटा तुमची? डोळे मिटले. किल्ली तुम्ही दाखवलीत? मिटले. बाईला तुम्हीच दिलीत? डोळे मिटले ते मिटलेच राहिले, आणि कडेने पाणी आलं.

स्त्रीधन मालकिणीने स्वतःच्या मर्जीने दिलेलं. यात चोरी कुठली? गैरसमजातून फिर्याद, म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल, आमच्या भाषेत क समरी, पाठवून दिली. कोर्टाने ती मंजूर केली. बाईच्या नावावर डाग राहिला नाही. निदान कागदावर तरी.

ही सुखद बातमी द्यायला मी निमगावला गेलो आणि म्हणालो, "आता कामावर जा."

"मला जायचंय वो," बाई म्हणाली. "काकूंची लई आठवण येती. पर घरचे न्हाई म्हणत्यात."

म्हातारा मध्ये पडला. "सायेब, तुमचा कागद खरा. पर दारात पोलिसाची गाडी आली, ती समद्या वस्तीनं बगितली. पोरीचं लगीन ठरतंय आमच्या. त्या घरी आता न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

फिर्याद आली की आम्ही चोर कोण हे शोधायला धावतो. वस्तू कोणाची, हे फिर्यादी सांगेल तसं लिहून घेतो. पुढे मी नव्या अंमलदारांना आवर्जून सांगत असे, की आधी वस्तू कोणाची ते पक्कं करा. त्यांना ते कायद्याचं कलम वाटायचं. मला काय सांगायचं होतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

घंटा परत द्यायला मी स्वतः गेलो आणि पावतीवर काकूंचा अंगठा घेतला. आता सांभाळायला एजन्सीची मुलगी होती. ती कानात इअरफोन घालून गॅलरीत बसलेली. प्राध्यापक काकूंना म्हणाले, "नुसती धर हं, वाजवू नकोस, आणखी तडकेल."

काकूंनी डाव्या हाताने घंटा हलवली. मातीच्या फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. त्यांचं घंटेकडे लक्षही नव्हतं. त्या दाराकडे बघत होत्या. थांबल्या, पुन्हा वाजवली, पुन्हा दाराकडे बघितलं.

बाई आता येणार नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. प्राध्यापक माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.