टॉवेलखालची नळी

सकाळी गॅलरीतल्या दोरीवर यांच्या मशीनची धुतलेली नळी वाळत होती. तेवढ्यात समोरच्या गॅलरीत काकू आल्या, आणि माझ्या नवऱ्याने घाईघाईने त्या नळीवर टॉवेल टाकला. माझं डोकंच फिरलं.

झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो. म्हणून रात्री नाकावर मास्क लावायचा. मशीन हवेचा दाब कमी-जास्त करत वाट मोकळी ठेवतं. काही रात्री घरीच असं झोपल्यावर, मशीनमधल्या नोंदींवरून डॉक्टर यांना लागणारा नेमका दाब ठरवणार आहेत. आणि परवा दीर मुक्कामाला आले, तर यांनी मशीन कपाटात कोंबलं!

"अगं, लोक काय म्हणतील?"

लोक! लग्नघरात सगळ्यांच्या मधोमध हा माणूस वर्षानुवर्षं घोरला. लोक हसले, हेही हसले. "काय गाढ झोप लागते बुवा!" म्हणून वर कौतुक. माणूस गुदमरतोय हे एकालाही कळलं नाही. शेजारी मी जागी, यांचा अडकलेला श्वास परत येईपर्यंत माझा रोखून धरलेला. तेव्हा त्या घोरण्याची लाज नव्हती. आता धड श्वास चालतो, तर त्याची लाज वाटते?

मी टॉवेल ओढून काढला आणि मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "काकू, ही यांच्या श्वासाची नळी. काल रात्री मीसुद्धा झोपले."