ओलं सारवण

परवा आम्ही नागोठण्याजवळ एका घरी जेवायला गेलो आणि दारातच ओल्या सारवणाचा वास आला. सगळे खूश झाले. मला मात्र गागोद्यापलीकडचा तो डोंगर आठवला. ताई आणि मी माथ्यावर जाऊन संध्याकाळी परतायचं ठरवून निघालो होतो. चढावरच्या शेवटच्या घरी पाणी मागितलं, तेव्हा तिथली बाई शेणानं जमिनीचा एकच पट्टा लिंपत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर ऊन होतं, मग पावसाची झड आली, मग काळ्या कातळावर इतकं धुकं उतरलं की पुढे चालणारी ताई दिसेना. धुकं जरा विरलं तेव्हा गवतात लांबच लांब भेग दिसली, पाय आत जाईल एवढी रुंद. आणि बरोबर तिच्या खाली त्या घराचं छप्पर. दरड सुटेल या भीतीनं तशाच मागे फिरलो. बाई पुन्हा तोच पट्टा लिंपत होती. "सकाली लिंपला, परत फाटला बघ गो," ती हसत म्हणाली. ताईनं वरच्या भेगेचं सांगितलं. बाईचा हात थांबला. "वर पन हाय?" एवढंच विचारून ती शेणाच्या हातानंच उठली आणि आधी शेळ्या सोडल्या. सासूला आमच्याबरोबर खाली धाडून ती डोंगराकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारत राहिली. तो गुरं घेऊन वर गेला होता. पार वळणापर्यंत तिच्या हाका ऐकू येत होत्या, त्याची ओ नाही. परवा सगळे आत मांडी घालून जेवले. मी दाराशीच बसले, चपला जवळ ठेवून.