वहीतलं पाणी

हणमंत घोरपडे आम्हां सातजणांत सगळ्यांत जुने. सुभाष रोडच्या मागच्या बोळात त्यांचं घर. वडील शाळामास्तर होते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कन्नड, हे धारवाडात जन्मलेल्या आमच्यासारख्या सगळ्यांचंच. पंचायतीत कारकून म्हणून ते लागले आणि वीसेक वर्षांनी पीडीओ झाले, म्हणजे ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी. त्यांची पंचायत कणवीहाळची. माझी तिच्या शेजारची. त्यामुळे सकाळी पुष्कळदा मी त्यांच्याच मोटरसायकलवर मागे बसून जायचो. मी त्यांना अण्णा म्हणायचो.

तालुक्याला नवे साहेब आले आणि त्यांनी शेजारशेजारच्या सात पंचायतींची गुरुवारची बैठक सुरू केली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सातही पीडीओंनी एका गावात जमायचं. ज्याच्याकडे जे चांगलं चाललं असेल ते त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ते आपल्याकडे करून बघायचं. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. आधी आम्ही नाकं मुरडली, मग आवडायला लागलं. कुणी गावातल्या बंद वाचनालयाबद्दल सांगायचं, कुणी ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल.

तिसऱ्या बैठकीत साहेबांनी अण्णांना विचारलं, "घोरपडे, तुमच्याकडे काय चाललंय?"

अण्णांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पण चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर, काल लागलेल्या पोरांसमोर, काही नाही असं म्हणणं त्यांना जमलं नाही. वर्षापूर्वी गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं एक दिवसाचं शिक्षण दिलं होतं. फोटो काढले होते. तपासणीच्या बाटल्यांचा खोका कपाटात ठेवला होता. पुढे ते कुणी केलं नाही. नोंदवही मात्र अण्णा स्वतः टेबलावर बसून दर महिन्याला भरायचे. सगळ्या रकान्यांत एकच शब्द, "योग्य".

त्यांनी सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे दर सोमवारी बायका नळांचं पाणी तपासतात आणि निकाल पंचायतीसमोरच्या फळ्यावर लिहितात.

आमच्यात निवेदिता हिरेमठ नावाची मुलगी होती. पहिलीच नेमणूक, तोरणकोप्प गाव. तिने वही उघडली आणि विचारायला लागली. एखादी बाई आली नाही तर? तिची जाऊ किंवा सासू येते, अण्णा म्हणाले. पाणी खराब निघालं तर लोकांना कसं कळतं? अण्णांची नजर कपाटातल्या दप्तराच्या लाल फडक्याकडे गेली. मग म्हणाले, "त्या नळाला लाल कपडा बांधतो. वाचता येत नसलं तरी लाल कपडा सगळ्यांना कळतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. परतताना गाडीवर मी तो विषय काढला, तर अण्णांनी रस्त्यातल्या खड्ड्यांचं बोलणं काढलं. मला वाटलं, कौतुकाने संकोचले असतील.

आठ महिन्यांनी बैठक तोरणकोप्पला होती. गावात शिरताच पंचायतीसमोर फळा दिसला. त्यावर अकरा नळांची नावं, तारखा आणि प्रत्येकासमोर निकाल. मागच्या बोळात एका नळाला लाल कपडा बांधलेला होता. निवेदिताने सांगितलं, शाळेजवळच्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं, ते या बायकांमुळे सापडलं. कपडा बांधल्यावर तिथे कुणी घागर लावली नाही. पाइप बदलला. हा दुसरा नळ कालच सापडला. सहा बायका ओळीने उभ्या होत्या. बाटली कशी भरायची, एक दिवस ती उबेत कशी ठेवायची, पाणी काळं पडलं तर ते का प्यायचं नाही, हे त्यांनी न अडखळता सांगितलं.

मग निवेदिता त्यांना म्हणाली, "हे सगळं आपण ज्यांच्याकडून शिकलो, ते हेच सर."

बायकांनी अण्णांना शाल घातली. त्यातली एक वयस्क बाई त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा अण्णा मागे सरकले ते खुर्चीला अडखळले. मी त्यांचा चेहरा पाहिला. ताप भरलेल्या माणसाचा असतो तसा होता. तेवढ्यात साहेब म्हणाले की पुढची बैठक कणवीहाळला ठेवू, मूळ काम सगळ्यांनी बघायला हवं. अण्णा म्हणाले, "या ना, जरूर या."

घरी अण्णांच्या बायकोने, विमलावहिनींनी, शाल पाहिली आणि देशपांडे नगरातल्या भावाला फोन केला. त्या भावाने आणखी चौघांना सांगितलं. दोन दिवस अण्णांना अभिनंदनाचे फोन येत होते. ते प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते आणि मनात हिशेब मांडत होते की महिनाभरात फळा कसा उभा करायचा, मागच्या तारखा कशा लिहायच्या, पाच बायकांकडून काय काय पाठ करून घ्यायचं. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं, काही न लपवता.

सोमवारी ते त्या पाचांपैकी शांतव्वाकडे गेले. तिचं घर खालच्या गल्लीत. तिला म्हणाले, बैठकीला माणसं येणार आहेत, थोडी तयारी करू. ती जोंधळे निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "फोटो काढायला परत येणार का?"

अण्णांनी काहीतरी सारवासारव केली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात मी दोनदा ऑफिसात आले होते. आमच्या नळाला वास येतोय म्हणून सांगितलं. तुम्ही वही उघडून दाखवलीत, सगळं योग्य आहे म्हणालात. मला वाचता येत नाही, मी घरी आले. नंतर नातू आठ दिवस हुबळीला दवाखान्यात होता."

हे ती रागाने म्हणाली नाही. अण्णांना ते आठवत होतं. ती आलेली आठवत होती, वही उघडून रकान्यावर आपण बोट ठेवलं होतं तेही आठवत होतं. नातवाचं त्यांना माहीतच नव्हतं. कुणाचं पोर दवाखान्यात आहे हे विचारायला ते त्या गल्लीत कधी गेलेच नव्हते.

कपाटातला खोका काढला तर बाटल्यांची मुदत संपलेली. त्यांनी तालुक्याहून नव्या आणल्या. खालच्या गल्लीतल्या चार नळांचं पाणी स्वतः भरून बाटल्या ऑफिसात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीन काळ्या पडलेल्या होत्या. पाणी सोडणारा मारुती शेजारी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, तिथला पाइप गटारातूनच जातो. मी मागच्या साहेबांनाही सांगितलं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

अण्णांनी तीन नळ बंद करवले, टँकर मागवला आणि निवेदिताला फोन केला. मी समोर बसलो होतो. त्यांनी सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग तिने विचारलं, "आणि तो लाल कपडा, सर?"

"तो मी तिथल्या तिथे बोललो."

मग म्हणाली, "मी माझ्या बायकांना तुमचं नाव घेऊन उभं केलं होतं. त्यांना आता काय सांगू?"

"खरं सांगा. नंदे तप्पु. चूक माझीच."

तिने फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तोरणकोप्पच्या दोन बायकांना घेऊन. अण्णांशी कामापुरतं बोलली. त्या बायकांनी शांतव्वाला आणि बाकीच्या चौघींना हाताला धरून शिकवलं. अण्णा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, आता काम सुरू झालंय. फळा उभा आहे. सगळ्यांसमोर सांगायची काय गरज? वह्या काय, सगळेच भरतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाळकृष्ण, तूही?"

माझ्याही कपाटात एक वही होती. ती पाण्याची नव्हती, एवढाच फरक.

गुरुवारी ते सगळ्यांसमोर उभे राहिले. कागद नव्हता. नऊ महिन्यांपूर्वी सांगितलं ते खोटं होतं, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि शांतव्वाचं नाव घेऊन, ती ऑफिसात आली होती तेही सांगितलं. आवाज बारीक होत गेला, शेवटची वाक्यं मागच्या रांगेला ऐकूही गेली नसतील. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघे जण खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी एवढंच म्हटलं की लेखी द्या. अण्णांनी लेखी दिलं, ताकीद आली, ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली. सेवानिवृत्तीला चार वर्षं उरली असताना.

त्या संध्याकाळी मी माझी वही बाहेर काढली आणि खोट्या नोंदींवर तिरकी रेघ मारली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्याएवढं धैर्य मला झालं नाही, ते अण्णांना झालं.

पाइप बदलायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी अण्णा शांतव्वाकडे गेले. माफी कशी मागायची ते त्यांना समजत नव्हतं, दारातच उभे राहिले. आत नातू पाटी घेऊन बसला होता. तिने त्यांना बरंच थांबू दिलं. मग म्हणाली, "सोमवारी लवकर या. बाटल्या भरायला एक माणूस कमी पडतो."

तेव्हापासून दर सोमवारी ते भरतात. बैठका अजून होतात, आता त्यात तेरा पंचायती आहेत. निवेदिता त्यांच्याशी बोलते, पण आधीसारखं नाही. नव्याने लागलेले अधिकारी आले की ती अण्णांना उभं करते आणि खोटी वही कशी भरली जाते ते सांगायला लावते. कुठे बघायचं, कुणाला विचारायचं, कोणत्या रकान्यावर विश्वास ठेवायचा नाही. ते सांगतात. एवढ्या वेळा सांगूनही त्यांची मान खालीच असते, आणि सांगून झालं की ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसतात.