आमच्याकडे फोटो पाडतात

मोबाईल अधूनमधून कुरकुरतो, 'स्टोरेज फुल!' मग मी बरेचसे फोटो पुसतो आणि त्याला बरं वाटतं. पण फोटोंखाली लोक जे लिहून जातात ते काही केल्या पुसलं जात नाही. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, पंख्याची घरघर सुरू व्हावी, की एकेक कमेंट डोळ्यांसमोर तरंगत येते आणि मी आपला एकटाच हसतो. बायको म्हणते, "झोपेत हसतोस हल्ली!" झोपेत नाही गं, मी ग्रुपमध्ये असतो.

ग्रुपचं नाव 'डोळाभर बडोदे'. मी बडोद्यातल्या मांजलपूरचा, लग्नामुंजीचे फोटो हा माझा धंदा. पण पहाटेचा कॅमेरा फक्त माझा! स्कूटर काढायची, सुरसागर तलाव नाहीतर विश्वामित्री नदीचा पूल गाठायचा, आणि घरी येऊन चहा पिता पिता फोटो ग्रुपवर टाकायचा. एवढंच माझं व्यसन.

*

अगदी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'आज सकाळी सुरसागरचा फोटो पाडला.'

पुण्याचे एक गृहस्थ ग्रुपमध्ये आहेत. बायको बडोद्याची, म्हणून हे मेंबर. त्यांनी लगेच विचारलं, "अरेरे! कुठे पाडलात? काच फुटली का?"

आता गुजरातीत फोटो 'पाडतात', आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्हीही पाडायला लागलो, हे त्यांना कोण सांगणार? मी शरमून ती ओळ पुसायलाच निघालो. पण आमचे ॲडमिन काळेकाका धावून आले. निजामपुऱ्याचे निवृत्त मास्तर, गप्प बसणं त्यांना ठाऊक नाही.

"आमच्याकडे फोटो पाडतात. आंब्यासारखा. तुम्ही तो कच्चाच काढता!"

*

रसिलाबेन आमच्या प्रत्येक फोटोखाली एकच शब्द लिहितात, "सरस!" गुजरातीत सरस म्हणजे छान, बस्स. पण पुण्याच्या गृहस्थांचं मराठी चोख. सरस म्हटलं की कोणापेक्षा तरी हवंच!

त्यांनी विचारलं, "कोणापेक्षा?"

रसिलाबेननी क्षणाचाही विचार केला नाही. "बधा करतां सरस!" सगळ्यांपेक्षा!

याच रसिलाबेननी एकदा मला एक शुभसकाळ पाठवली. धुक्यातला वड, वर दोन गुलाब, खाली सुविचार. सोबत मेसेज, "भाई, कोईक वार आवो फोटो पाडो ने!" कधीतरी असा फोटो पाडा ना!

वडाचा तो फोटो माझाच होता, ग्रुपवर टाकलेला. मी म्हटलं, "हो बेन, प्रयत्न करतो!"

*

धुकं ही माझी हळवी जागा. हिवाळ्यात नदीवर धुकं चढतं, पूल अर्धाच उरतो, पलीकडून येणारी सायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. अशा वेळी मला वाटतं, जग नुकतंच जागं होतंय आणि आपल्याला ते चोरून बघायला मिळतंय. मी अशा फोटोंवर जीव टाकतो.

काळेकाकांची कमेंट ठरलेली, "लेन्स पुसा."

"काका, ते धुकं आहे."

"असू दे. तरी पुसा."

*

नंदाताईंची कमेंट मात्र वेगळीच असायची. सुरसागर टाकला, "जरा डावीकडे काय आहे?" पूल टाकला, "त्याच्या अलीकडे?" मला वाटलं, या बाईंना माझी फ्रेमच पसंत नाही. शेवटी वैतागून मेसेज केला, "ताई, फोटोत काही चुकतं का?"

त्यांचा फोनच आला. टोरांटोहून.

"अहो, मी नाही विचारत. अप्पा विचारतात."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. सगळा जन्म सुभानपुऱ्यात गेला. आई गेल्यावर ताईंनी त्यांना तिकडे नेलं, घर विकलं. आता अप्पांना नात आठवत नाही, पण बडोदे आठवतं. संध्याकाळ झाली की ते बूट घालून दाराशी उभे. "चल, उशीर झाला. घरी जायला हवं." एकदा ताईंची पाठ वळली आणि अप्पा बर्फात कोपऱ्यापर्यंत गेले. शेजाऱ्यांनी धरून आणलं. तेव्हापासून ताई अंघोळीलाही धास्तावून जातात.

"तुमची सकाळ ती आमची संध्याकाळ. तुमचा फोटो आला की अप्पा खाली बसतात. त्यांना वाटतं आपण चालत निघालोय. म्हणून विचारतात, डावीकडे काय आहे. वळायचं असतं ना त्यांना!"

मी फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. त्या दिवसापासून मी डावीकडचाही फोटो पाडायला लागलो. मग पुढच्या वळणाचा. सुरसागरपासून रोज थोडं थोडं करत आम्ही दोघं सुभानपुऱ्याकडे निघालो. रिक्षाने कितीशी वाट? पण अप्पांच्या चालीने जायचं होतं. ग्रुपवाल्यांना कळेना, हा असा नुसते रस्ते का टाकतो! काळेकाकांनी विचारलं, "कॅमेरा हरवलाय की तुम्ही?"

*

पुढचा घोटाळा मात्र माझाच. सुभानपुऱ्यात पोचून अप्पांच्या गल्लीचा तिच्या तोंडापासून फोटो पाडला आणि ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात नंदाताईंची कमेंट, "आमच्या गल्लीचा फोटो काढा ना, प्लीज. अप्पा फार अस्वस्थ आहेत."

गल्ली बघून त्यांना त्रास झाला वाटतं! आम्ही फोटो पाडतो. काढायचं म्हणजे काढून टाकायचं. मी तत्काळ डिलीट केला.

मेसेज आला, "अहो, होता तोही काढलात?!"

ताई लग्न करून आधी पुण्याला गेलेल्या. त्यांचा फोटो तिकडच्यासारखा 'काढायचा'. गल्लीच्या आतला, घराचा फोटो त्यांना हवा होता. इकडे मी होती ती गल्लीही पुसली, आणि तिकडे अप्पा स्क्रीनवर बोट फिरवत, "अगं, आत्ता होता रस्ता!" असं म्हणत बूट शोधायला उठलेले. मी घाईघाईने फोटो परत टाकला. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी घर शोधायला गेलो. ताईंनी खूण सांगितली होती, बैठं घर, दारात पारिजातक.

घर नव्हतं. पारिजातकही नव्हता. पत्र्यांचं कुंपण आणि आत मोठा खड्डा. एवढ्या दिवसांची वाट चालून मी त्या माणसाला खड्ड्यापाशी आणलं होतं! शेजारच्या बंगल्याचा फोटो पाठवावा, असं क्षणभर वाटलं. पण हात धजेना. ताईंना खरं ते लिहिलं.

बराच वेळ त्या काहीतरी टाइप करत होत्या. आलं एवढंच, "घर दुसऱ्याचं नको. आपलंच पाठवा. जसं असेल तसं."

पुढच्या पहाटे पुन्हा गेलो. असं धुकं त्या वर्षात पडलं नव्हतं. पत्रे दिसेनात, खड्डा दिसेना, समोर हात धरला तर पांढरा. मी तसाच फोटो पाडला. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. तो ग्रुपवर टाकला नाही, ताईंनाच पाठवला आणि स्कूटरवर बसून राहिलो.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"अप्पांनी खूप वेळ बघितलं हो. मोठा करून करून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'पोचलो गं एकदाचे. आतून कडी लाव.'"