दाजींची दोन सीटांची गाडी

आमच्या दाजींइतकी हळू गाडी चालवणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा नसेल, आणि शहरातली एक अतिशय वेगवान गाडी नेमकी त्यांच्याच अंगणात उभी होती. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही बरीच वर्षं हसत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. वडील मेंढरं राखायचे. दाजी मात्र आयटीआय करून शहरात आले आणि वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, तीस वर्षं राहिले. तिथं एका मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातल्या एकेका भागासाठी भांडायची जी सवय लागली, ती संध्याकाळी कारखान्याच्या गेटावर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. घरातला देव्हारा त्यांनी स्पिरिट लेव्हल लावून बसवलाय. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात सगळे अक्षता घेऊन उभे असताना दाजी खाली वाकले, कागदाची एक घडी पाटाच्या पायाखाली सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "आता होऊ द्या. डुलत होता." भटजींनी थांबलेला मंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. अक्का वर पंख्याकडे बघत राहिली.

गाडी त्यांना छावणीत सापडली. एका जुन्या बंगल्यात ते पाण्याचा पंप बघायला गेले होते. बंगल्याचे मालक फौजेतून निवृत्त झालेले अधिकारी. ते वारले होते आणि त्यांची गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. बुटकी, दोन दरवाजांची, दोन सीटांची, लाल रंग विटून विटकरी झालेला. पंप राहिला बाजूला, दाजी तासभर त्या गाडीखाली आडवे. ती कुणातरी जपणाऱ्याच्या हाती जावी एवढीच मालकांच्या पत्नीची इच्छा होती, आणि गाडीखालून बाहेर येऊन हात पुसण्याआधी बोनेट पुसणारा माणूस त्यांना पसंत पडला. गाडी दोरीनं ओढत घरी आली तेव्हा अक्कानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दोनच सीटा? पाव्हणं आले तर मी मागून पळत येऊ का?"

"पाव्हणं पळतील," दाजी म्हणाले. "तू बस."

पण बसायला मिळायला अक्काला चार वर्षं लागली. दुसऱ्या कुणी आधी इंजिन उघडलं असतं. दाजींनी ब्रेक उघडले. पुढच्या डिस्क मोठ्या केल्या, त्या बसवायचे ब्रॅकेट एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये स्वतः बनवले, पसंत पडले नाहीत म्हणून पुन्हा बनवले. मग सस्पेन्शनचे रबरी बुश. मग शॉकअप. मग टायर, त्यासाठी ते दुकानात जाऊन नुसते टायरांवर तळहात फिरवत बसायचे आणि दुकानदार त्यांना चहा देऊन आपल्या कामाला लागायचा. इंजिनाची ताकद वाढवायची नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आहे ती कुठं वापरलीय आपण अजून?"

गाडी रस्त्यावर आली आणि त्यांचा गतिरोधकांशी संबंध आला. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम सहा बोटं. दाजींनी तेवढ्याच उंचीचा एक लाकडी ठोकळा कापून घेतला होता. अनोळखी गतिरोधक आला की गाडी थांबवायची, उतरायचं, ठोकळा लावून बघायचा. क्रांती चौकाजवळ एकदा भर गर्दीत हे चाललेलं असताना वाहतूक पोलीस आला. त्या दिवशी शेजारच्या सीटवर मी होतो आणि रुमालानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं ते झाकून घेतलं होतं.

"काका, काय मोजताय?"

"साहेब, ह्यो मागल्या आठवड्यापेक्षा लई उंच झालाय. वरून डांबर टाकलं का?"

"मला काय माहीत."

"टाकलंय. दोन बोटं वाढलाय."

मागं हॉर्न चालूच होते. पोलिसानं गाडीकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हात वर करून मागची सगळी वाहनं थांबवली. दाजींनी गाडी तिरकी करून एकेक चाक अलगद पलीकडे नेलं आणि खिडकीतून त्याला नमस्कार केला.

निवृत्तीनंतर त्यांनी जाहीर केलं की गाडी एकदा ट्रॅकवर न्यायची. शर्यतीसाठी नाही. कोइमतूरकडे एका ट्रॅकवर हौशी लोकांना आपापल्या गाड्या चालवू देतात, तिथं. अक्का म्हणाली, "मी अंबाड्यावर हेल्मेट घालणार नाही." म्हणून मी गेलो. तिथवर पोचायला आम्हाला तीन दिवस लागले, यावरून प्रवासाचा वेग ध्यानात यावा.

ट्रॅकवर मी त्यांच्या शेजारी बसलो. पहिल्या फेरीत दाजी नेहमीचेच होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी गिअर टाकला आणि मी ज्या माणसाला पस्तीस वर्षं ओळखत होतो तो तिथं नव्हता. वळण आलं की ब्रेक असा लागायचा, जणू कुणी छातीवर हात ठेवून आपल्याला थांबवलंय; मग गाडी वळणात शिरायची आणि पलीकडे सुटायची. कुठं धडपड नाही, टायरांचा आवाज नाही, हातांची घाई नाही. दाजी काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. ते गिअरचे आकडे होते. बाहेर आल्यावर त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान मुलं गाडीभोवती जमली आणि एकानं ब्रॅकेट कुठून मागवले म्हणून विचारलं. दाजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी अक्काला नंतर सांगायचा प्रयत्न केला; नीट सांगता आलं नाही.

दुपारी पुन्हा गेलो. या वेळी एक गाडी उजवीकडून आम्हाला अगदी खेटून पुढे गेली आणि दाजी दचकले. ती आधी बराच वेळ बाजूला होती. ट्रॅकच्या कडेला उभा माणूस निळा झेंडा हलवत होता, मागून कुणी येतंय, वाट द्या, म्हणून. आम्ही त्याच्यासमोरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. दाजींनी त्याच फेरीला गाडी बाहेर घेतली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"झेंडा कितीदा दाखवला त्यानं?"

"तीनदा."

"मला एकदाबी नाय दिसला."

थोड्या वेळानं म्हणाले, "घरी फाटकाच्या खांबाला दोनदा आरसा घासला. मला वाटलं खांब सरकलाय. मोजला पन." मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. परतीचे तीनही दिवस गाडी मी चालवली. त्यांनी एकदाही चूक काढली नाही, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची कडेकडेची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती; समोरची टिकवायला रोज औषधाचे थेंब. गाडी चालवणं बंद. दाजींनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन गाडीवर ताडपत्री घातली. चारही कोपरे सारखे लोंबतात का ते बघितलं नाही. आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावून विचारलं, की ट्रॅकवरच्या त्या ब्रॅकेट विचारणाऱ्या मुलाचा पत्ता लागेल का, त्याला देऊन टाकू.

अक्का आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कुणाला द्यायची नाही," ती म्हणाली. "मला शिकवा."

"तुला?"

"मी वीस वर्षं शाळेत शिकवायला स्कूटरवर गेले. चाकं दोन जास्त आहेत, एवढंच ना?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्कानं शिकाऊ परवाना काढला. शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटांत दोन महिने दाजी तिच्या शेजारी बसले. मला वाटलं होतं, भांडणं होतील. झालीही, पण अक्का हळू चालवते म्हणून नव्हे. आमची अक्का, जिनं जन्मात तापत्या दुधावरची नजर हलवली नाही, ती रस्ता मोकळा दिसला की गाडी सोडते. दाजी डोळे मिटून इंजिन ऐकतात आणि म्हणतात, "आता तिसरा." बहुतेक वेळा तिनं तो आधीच टाकलेला असतो.

रविवारी सकाळी दोघं फुलंब्रीच्या रस्त्याला जातात. मागं एकदा मी माझ्या गाडीतून त्यांच्या मागोमाग होतो. कडेचं काही बघायचं असलं की दाजींना आता पूर्ण मान वळवावी लागते. पूर्वी आपसूक नजरेत यायचं ते सगळं आता शोधून बघावं लागतं. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. एका वस्तीपाशी ते हळूहळू डावीकडे वळलं आणि तिथंच राहिलं. ते काय बघत होते मला कळलं नाही. त्यांच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले आणि रस्ता पूर्ण मोकळा असताना अक्का, ते डोकं पुन्हा समोर वळेपर्यंत, हळू चालवत राहिली.