वरचे काका आणि दोन कुंपणं

भाईंदर पूर्वेला आम्ही एका खोलीत पाच जण राहायचो. आई-पप्पा दोघंही हाटकेशला स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात, आणि मी इंजिनिअरिंगचा अभ्यास जिन्यात बसून करायचे, कारण घरात पाय पसरले की दुसऱ्याच्या ताटात जायचे. त्या जिन्यात मला वरच्या मजल्यावरचे काका भेटले. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यांनी सगळी नोकरी केली होती, आणि आधी काय नि मग काय यावरून एवढं भांडणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा झाला नाही.

भांडायचे कुणाशीही. काकूंनी जेवायला बोलावलं की हे खुर्चीतूनच, "आमटी टेबलावर आली का? आधी आमटी, मग हाक." काकू म्हणायच्या, "मी बायको आहे, प्रोसेसर नाही. येताय की झाकून ठेवू?" शेअर रिक्षावाल्याने शेवटचा माणूस बसायच्या आत गाडी हलवली की यांचा तास सुरू, "भैया, पहले आदमी, फिर गियर." काही रिक्षावाले त्यांना लांबून ओळखून पुढे काढायचे.

कारखान्यात पप्पा डबे रॅकवर रचून पाटी फिरवायचे. पाटीची हिरवी बाजू दिसली की पलीकडून आई डबे उचलून झाकणं बसवायची. एकदा पप्पांनी घाईत आधी पाटी फिरवली, आणि रॅकवर पडलेले आदल्या दिवसाचे पोचे आलेले डबे आईने झाकणं लावून पुढे पाठवले. शेठ संध्याकाळपर्यंत ओरडत होता. आमच्या घरी सुतक, आणि काका सण असल्यासारखे खाली आले.

"नक्की आधी पाटी फिरवली ना?"

"काका, इथं नोकरी जातेय आणि तुम्हाला पाटीचं पडलंय," पप्पा म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "प्रोसेसर हेच करतो बघ. आधी लिहिलेलं मागून पोचतं. त्याचं स्वतःचं काही बिघडत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. पलीकडचा प्रोसेसर मात्र शिळा माल उचलतो. म्हणून मधे कुंपण घालायचं. आधीचं पोचल्याशिवाय पुढचं सोडायचं नाही."

"म्हणजे मशीन पण माझ्यासारखंच गाढव?" पप्पांनी विचारलं.

"जास्त. तुम्ही वर्षातून एकदा चुकता."

पप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढे मला नोकरी लागली, पण सहा महिन्यांच्या अटीवर. माझ्याकडे आलेला ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, ऑफिसच्या मशीनवर गुमान चालायचा आणि ग्राहकाच्या छोट्या सर्किट बोर्डवर रोज एकदा लटकायचा. ऑफिसचा प्रोसेसर बराचसा क्रम पाळणारा, बोर्डवरचा मात्र काकांनी सांगितला होता तसला. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर तुझं बघावं लागेल." लिहिणाऱ्या बाजूला कुंपण नव्हतं, ते मी शोधून घातलं, घरी फुशारकीही मारली. गुरुवारी बोर्ड परत लटकला.

काका तोवर लेकीकडे बदलापूरला राहायला गेले होते. फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "लिहिणाऱ्याला शहाणं केलंस. वाचणाऱ्याचं काय? तोही उतावळा असतो, पाटीची खूण बघायच्या आधीच माल उचलून बसतो. कुंपण दोन्हीकडे लागतं गं."

मागून काकू म्हणाल्या, "दुसरंही बोला हो पोरीशी. जेवली का विचारा."

"जेवलीस का," काकांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवून दिला.

मी वाचणाऱ्या बाजूलाही कुंपणाची एक ओळ घातली. बोर्ड शुक्रवारी दिवसभर चालला, पुढचा सगळा आठवडाही चालला. आमच्या वर आता नवीन बिऱ्हाड आलंय. चांगली माणसं आहेत, पण कुणाशी भांडत नाहीत, त्यामुळे जिना फार शांत वाटतो.

माझी नोकरी कायम झाली. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि कायम नोकरीचं पत्र घरी आणणारीही मीच पहिली.