अठरा दारांचे अठरा रंग

माझी काकू चोवीस वर्षं पडदे शिवत होती, पण आपण शिवलेला पडदा खिडकीला लागलेला तिने एकदाही पाहिला नव्हता. दुकानात पुढे गल्ल्यावर मालक बसायचा, गिऱ्हाइकं तिथेच कापड निवडायची आणि मागच्या खोलीत मशीनवर बसलेल्या काकूकडे फक्त चिठ्ठी यायची. उंची एवढी, रुंदी एवढी, चुण्या किती, अस्तर हवं की नको. घर कसलं, भिंती कोणत्या रंगाच्या, खिडकीतून ऊन येतं की नाही, यातलं काही नाही. मग ती मनातल्या मनात घरं सजवत बसायची. रात्री जेवताना आम्हाला सांगायची, "आज एकांनी मोरपंखी कापड नेलं. भिंती हळदी असतील तर घर उजळून निघेल. आणि जांभळ्या असतील तर मात्र त्यांचं देव भलं करो!"

मालकाच्या मुलाने पुढे त्याच जागेत मोबाइलचं दुकान टाकलं. काकू तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. घरी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. एका वृद्धाश्रमात शिवणकामाची जागा निघाली, ती तिने धरली. काम साधं होतं. चादरी दुमडून शिवायच्या, उशांच्या खोळी सांधायच्या, सदऱ्यांना बटणं लावायची.

आश्रमाच्या तळमजल्यावर विसरण्याचा आजार झालेली माणसं राहत. एक लांबच लांब व्हरांडा, या बाजूला नऊ दारं, त्या बाजूला नऊ. भिंती साय रंगाच्या, पडदे साय रंगाचे, चादरी साय रंगाच्या. दारं सगळी एकसारखी तपकिरी, आणि त्यांवर काडेपेटीएवढे नंबर. काकू म्हणायची, "पहिल्या दिवशी मीच दोनदा चुकले. मला तर काही विसरायचा आजार नाही."

तिथे एक घड्याळजी होते. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. बोटं अजून स्थिर, पण जेवून आले की स्वतःची खोली सापडायची नाही. दिसेल त्या दारात शिरायचे. एके दुपारी ते शाळेच्या बाईंच्या खोलीत शिरले आणि त्यांच्या पलंगावर चादर ओढून शांत झोपले. या बाई म्हणजे पस्तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेल्या. त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि घड्याळजींना असं काही झोडपलं की दोन परिचारिका मध्ये पडल्या तेव्हा कुठे छत्री खाली आली. घड्याळजी रडत होते. "मी माझ्याच खोलीत आलोय हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. जेवणानंतर दारांना बाहेरून कड्या घालायच्या, असं ठरत होतं. काकू धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन दारात उभी होती. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. तरी ती बोलली.

"बाई, एक विचारू? कापडाच्या एकाच ताग्यातून अठरा पिशव्या शिवल्या आणि मग म्हटलं, ओळखा तुमची कोणती, तर तुम्हाला ओळखता येईल?"

मॅनेजरबाई वैतागलेल्याच होत्या. "मग काय करायचं म्हणता?"

"कड्या नका लावू. मला तीन खोल्या द्या. आठ दिवस द्या. प्रत्येक खोलीला तिचा चेहरा देते."

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "बघू द्या ना करून. कडी काय, नवव्या दिवशीही लावता येते."

काकू घरी आली ती जवळजवळ पळतच. आमचं घर तिच्या घराच्या वरच. माझे वडील रंगारी, तिचे धाकटे दीर. जिन्यातूनच तिने हाक मारली, "भाऊजी! शेडकार्ड घेऊन खाली या!"

"काय वहिनी, घर रंगवायला काढलं?"

"एक नाही, अठरा! आधी तीन."

त्या रात्री तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. काका मुकाट्याने जेवले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.

पुढचे आठ दिवस काकू जमिनीवर नव्हतीच. चोवीस वर्षं डोक्यात साठवलेलं सगळं तिला एकदम बाहेर काढायचं होतं. शाळेच्या बाईंना बारीक ठिपक्यांची चादर आणि तशाच उशा. घड्याळजींना हिरव्यागार पडद्यांवर नाजूक वेली, आणि उंबऱ्याशी गडद चॉकलेटी पायपुसणं, जाड, ऊबदार. तिसऱ्या खोलीत दारापासून पडद्यापर्यंत भिंतीच्या साय रंगाला जुळणारा गुलाबी, अगदी हलका. तिने स्वतः स्टुलावर चढून पडदे लावले. वडील सांगतात, "वहिनी खाली उतरल्या आणि दोन्ही हात गालांवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. मला म्हणाल्या, भाऊजी, पडदा खिडकीत किती वेगळा दिसतो हो!"

नववा दिवस उजाडला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

शाळेच्या बाई सकाळपासून चादरीवरचे ठिपके चिमटीने वेचत होत्या. "मुंग्या झाल्यात," त्या म्हणत, "केवढ्या मुंग्या!" वेचून वेचून त्यांची नखं दुखायला लागली. घड्याळजी दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी ठप्प. परिचारिकेने हात धरला तर त्यांनी चौकट घट्ट पकडली. "खड्डा आहे. दिसत नाही का तुम्हाला? पडेन मी." आणि गुलाबी खोलीवाल्या आजी आपल्या दारावरून तीनदा निघून गेल्या, त्यांच्या नजरेला ते पडलंच नाही.

मॅनेजरबाई रागावल्या नाहीत, हेच काकूला जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही मनापासून केलंत, मावशी."

काकू घड्याळजींच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसली. डोळे भरून आले, म्हणून तिने चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. पुसता पुसता समोर पाहिलं, आणि तिथेच थबकली. उंबऱ्यातलं चॉकलेटी पायपुसणं दिसत नव्हतं. तिथे फरशी कापून काढल्यासारखं एक काळं भोक होतं.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. "खरंच खड्डा आहे की!"

ती तशीच उठली. बिनचष्म्याने शाळेच्या बाईंच्या खोलीत गेली. चादरीवर मुंग्याच होत्या. गुलाबी दार शोधायला गेली तर ते भिंतीत मिसळलेलं, कुठे सुरू होतं तेच कळेना. मग ती सबंध व्हरांडाभर भिंत चाचपत फिरली आणि वळणावर डॉक्टरबाईंवर जाऊन आदळली.

"मावशी, चष्मा कुठाय तुमचा?"

"हातात आहे. आणि आता आठ दिवस हातातच राहणार!" काकू हसत होती. "डॉक्टर, मी मूर्ख. मी माझ्या डोळ्यांनी खोल्या सजवल्या. त्यांच्या डोळ्यांनी सजवायला हव्या होत्या!"

डॉक्टरबाईंनी तिला खाली बसवून नीट समजावलं. म्हातारपणी नजर कमी होते हे तर खरंच, पण या आजारात डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला नीट उलगडत नाही. गडद ते खोल वाटतं, बारीक ते हलल्यासारखं वाटतं. काकूने ते शिवणाच्या मापांच्या वहीत लिहून घेतलं. मग जाऊन मॅनेजरबाईंसमोर उभी राहिली आणि आणखी आठ दिवस मागितले. मॅनेजरबाईंनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, काकूच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाल्या.

आता काकूचं काम उलट्या बाजूने सुरू झालं. आधी तिने विचारायला सुरुवात केली. शेडकार्ड आणि कापडांचे मोठे तुकडे घेऊन एकेकाच्या पायाशी बसायची. "तुमच्या घराचं दार कसं होतं?" हे बऱ्याच जणांना सांगता यायचं नाही, पण हात सांगायचे. घड्याळजींनी दहा तुकडे बाजूला सारले आणि रुंद निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडावर हात ठेवला तो उचललाच नाही. काकू म्हणाली, "झालं. निळं तुमचं."

दाराला गडद निळा रंग. दारावर चौकट करून त्यात तेच पट्ट्यांचं कापड ताणून बसवलेलं, नंबराच्या जागी हातभर उंचीचं. आत पडदा त्याच पट्ट्यांचा, पलंगावर चादर त्याच पट्ट्यांची. म्हणजे बाहेरून जे दिसलं तेच आत दिसायला हवं. माणसाला दारातच कळायला हवं की मी बरोबर आलो. जमिनीवर मात्र काही नाही. सगळीकडे एकाच रंगाची साधी फरशी. शाळेच्या बाईंची ठिपक्यांची चादर गेली. तिथे ताटाएवढ्या मोठ्या फुलांची आली, पिवळ्यावर केशरी, आणि दारही केशरी. गुलाबी आजींचं दार डाळिंबी झालं.

वडिलांचं डोकंही आता चालू लागलं होतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, जे दिसायला हवं ते उठून दिसू दे, हे ठीक. पण जे दिसायला नको ते?"

"म्हणजे?"

"ती औषधांची खोली. दिवसभर कोणीतरी तिचं दार ओढत असतं. मी ते भिंतीच्याच रंगाने रंगवतो. चौकटीसकट."

काकूने टाळीच दिली त्यांना. दुसऱ्या दिवशी औषधांच्या खोलीचं दार साय रंगाच्या भिंतीत असं विरून गेलं की मॅनेजरबाई स्वतःच किल्ली हातात घेऊन शोधत राहिल्या. संडासांची दारं मात्र सगळी भडक पिवळी, आणि आतल्या पांढऱ्या भांड्यांवर लाल बैठकी. लाल बैठक पाहून काका हसले. तर काकू म्हणाली, "हसू नका. चष्मा काढा, मध्यरात्री उठा आणि पांढऱ्यावर पांढरं शोधून दाखवा!"

मग ती सकाळ आली. न्याहारी आटोपली. घड्याळजी जेवणाच्या खोलीतून निघाले. काकू, वडील, मॅनेजरबाई आणि दोन परिचारिका व्हरांड्याच्या टोकाला उभे. कोणी हाक मारायची नाही, कोणी हात धरायचा नाही, असं ठरलेलं.

घड्याळजी पहिल्या दाराशी थांबले. डाळिंबी. त्यांनी मान हलवली. दुसरं केशरी. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या, अजून तपकिरीच असलेल्या दाराशी थबकले, हात पुढे केला, आणि वडील सांगतात, वहिनींनी माझा दंड इतका आवळला की दोन दिवस वळ होता. हात मागे आला. घड्याळजी पुढे चालू लागले. पाचवं. सहावं. सातवं निळं.

ते दारासमोर उभे राहिले. पट्ट्यांच्या कापडावरून वरून खाली एकदा बोट फिरवलं. आत डोकावून पलंग पाहिला. मग सरळ आत गेले आणि पलंगावर बसले.

व्हरांड्यातली सगळी मंडळी धावत दारापाशी आली. घड्याळजींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय आहे? तुम्हाला कामं नाहीत का? दार लावून घ्या."

काकू हसत हसत मटकन खाली बसली. मॅनेजरबाई तिच्या शेजारी, चक्क फरशीवर. "मावशी," त्या म्हणाल्या, "उरलेल्या पंधरा खोल्या कधी करता?"

दीड महिन्यात अठराही दारं झाली. सगळं काही जादूसारखं बदललं असं नाही. कोपऱ्यातल्या एक आजी शेवटपर्यंत चुकत राहिल्या. त्यांना रोज कोणीतरी हात धरूनच न्यावं लागे. पण बाकीच्यांची बोलीच बदलली. "मी डाळिंबीवाली," "तो पानांचा," असं ते एकमेकांना ओळखू लागले. घड्याळजी एकदा विचारात हरवून केशरी फुलांच्या दाराशी आले, तर शाळेच्या बाईंनी छत्री न उचलता नुसतं बोट दाखवलं, "तुमचं निळं तिकडे. चला, व्हा पुढे." ते मुकाट्याने पुढे झाले.

त्यांचा मुलगा परगावाहून दर दोन महिन्यांनी यायचा. त्या वेळी तो आला तेव्हा घड्याळजींना त्याचं नाव आठवलं नाही. पण त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "चला, माझी खोली दाखवतो." आणि नेली. मुलगा बाहेर आला तो काकूला शोधत. शिवणाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. शेवटी म्हणाला, "कापड कुठून आणलंत?" काकू म्हणाली, "बसा, चहा घ्या."

खरी गंमत पुढेच झाली. वरच्या दोन मजल्यांवर ठणठणीत आठवणीची माणसं राहायची. त्यांनी तळमजला पाहिला आणि सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज मॅनेजरबाईंच्या टेबलावर आला. "आमची स्मरणशक्ती शाबूत आहे, ही आमची चूक आहे काय? आम्ही काय म्हणून पांढऱ्या चादरींवर झोपायचं?"

काकू टेप गळ्यात टाकून वर गेली ती हसतच. पहिलीच खोली एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरची. त्यांना भिंती, पडदा, चादर, सगळं लाल हवं होतं.

"सगळं लाल? झोप येणार नाही हो तुम्हाला."

"चाळीस वर्षं लाल दिसलं की थांबत आलोय. आता लालमध्येच राहणार."

"एक भिंत लाल देते. बाकी राखाडी. आणि पडद्याला लाल रेघा."

"दोन भिंती."

"एक."

"दीड!"

काकूने टेप खिडकीला लावली, वडिलांनी पेन्सिल कानामागून काढली, आणि भांडण तसंच चालू ठेवून माप घ्यायला सुरुवात झाली.